साम्य दिसले म्हणून निष्कर्ष खरा ठरतो का? दृष्टान्ताचे तर्कशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

लातूर/नांदेड : २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत जमीन हादरली. ४.५ तीव्रतेच्या या धक्क्याने मोठी हानी झाली नाही. तरीही मराठवाड्यातील असंख्य घरांत त्या दिवशी एकच प्रश्न विचारला गेला : पुन्हा किल्लारी तर होणार नाही ना? या प्रश्नामागे विचाराची एक विशिष्ट पद्धत आहे. १९९२ साली किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे विनाशकारी भूकंप झाला. आताही लहान धक्के बसत आहेत. म्हणून आताही तसेच घडेल. एका ज्ञात प्रसंगावरून दुसऱ्या अज्ञात प्रसंगाविषयी काढलेल्या अशा निष्कर्षाला तर्कशास्त्रात ‘साम्यानुमान’ म्हणतात.

साम्यानुमान केव्हा विश्वसनीय मानावे, हा प्रश्न तर्कशास्त्राइतकाच जुना आहे. मानवाप्रमाणे विचार करणारे यंत्र घडवू पाहणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्रापुढे तो नव्याने उभा राहिला. गेल्या सहा दशकांत संशोधकांनी त्याला दिलेल्या उत्तरांचा हा परिचय.

साम्यानुमान म्हणजे काय?

आकारिक तर्कशास्त्रात अनुमानाचे दोन प्रमुख प्रकार सांगितले जातात. सामान्य नियमावरून विशिष्ट निष्कर्षाकडे जाणे म्हणजे निगमन, आणि अनेक विशिष्ट उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाणे म्हणजे विगमन. निगमनात आधारविधाने सत्य असतील तर निष्कर्ष सत्यच असतो. विगमनात तो केवळ संभाव्य असतो. साम्यानुमानाचा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. त्यात एका विशिष्ट गोष्टीवरून थेट दुसऱ्या विशिष्ट गोष्टीकडे उडी मारली जाते. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात काही गुण समान आहेत, ‘अ’मध्ये आणखी एक गुण आहे, म्हणून तो ‘ब’मध्येही असावा, असा हा युक्तिवाद असतो. निव्वळ आकाराकडे पाहिले तर तो अवैध ठरतो. तरीही वैद्याचे निदान, न्यायालयातील पूर्वनिर्णयांचा आधार, शेतकऱ्याचा पावसाचा अंदाज यांपैकी काहीही त्याच्यावाचून चालत नाही.

दृष्टान्तपाठाची त्रिपदी

दृष्टान्तातून विचार करण्याची परंपरा मराठी भाषेच्या आरंभापासून चालत आली आहे. महानुभाव पंथातील केसोबास यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेला ‘दृष्टान्तपाठ’ हा ग्रंथ तिचा उत्तम नमुना होय. श्रीचक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टान्त त्यात आहेत. महानुभाव पंथ श्रीदत्तात्रेयांना पंचकृष्णांपैकी एक मानतो. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या पंथाचे महत्त्वाचे स्थान आहे.

या ग्रंथाची रचना तर्कशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रत्येक प्रकरणात प्रथम सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक येते. सूत्रात सिद्धान्त असतो, दृष्टान्तात ओळखीच्या जगातील गोष्ट असते आणि दार्ष्टान्तिकात त्या गोष्टीतील कोणता भाग सिद्धान्तातील कोणत्या भागाशी जुळतो हे उलगडून दाखवलेले असते. जन्मांध माणसे हत्ती चाचपून त्याचे वेगवेगळे वर्णन करतात, हा यातील प्रसिद्ध दृष्टान्त. हत्ती म्हणजे काय, आंधळे म्हणजे कोण, चाचपणे म्हणजे कोणती क्रिया, याची जुळणी सांगितल्याशिवाय ती केवळ एक गंमतीची कथा उरते. आजचे संशोधक ज्याला स्रोतक्षेत्र आणि लक्ष्यक्षेत्र यांतील ‘संगती’ म्हणतात, तेच काम दार्ष्टान्तिक करीत असे.

न्यायदर्शनाने याच प्रश्नाची अधिक कठोर मांडणी केली. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे आहेत. त्यांपैकी उपमानाचा रोख मुख्यत्वे शब्दाचा अर्थ कळण्यावर आहे. गाईसारखा दिसतो तो गवय, हे ऐकून रानात गवय ओळखणे हे त्याचे परंपरागत उदाहरण. साम्यानुमानाशी खरे नाते आहे ते पंचावयवी अनुमानातील तिसऱ्या अवयवाचे, म्हणजे उदाहरणाचे. डोंगरावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. येथे स्वयंपाकघर आणि डोंगर एकमेकांसारखे दिसतात म्हणून निष्कर्ष निघत नाही. धूर आणि अग्नी यांतील व्याप्तीचा, म्हणजे नियत साहचर्याचा आधार असल्यामुळे तो निघतो. असा आधार नसताना केवळ वरवरच्या साम्यावरून घेतलेल्या आक्षेपाला न्यायसूत्रांनी ‘साधर्म्यसमा’ असे नाव दिले आणि पाचव्या अध्यायातील चोवीस सदोष प्रत्युत्तरांत, म्हणजे ‘जातीं’त, त्याला पहिले स्थान दिले. नुसते साम्य पुरेसे नाही, साम्याला नियमाचा आधार हवा, ही दृष्टी तेव्हाच पक्की झाली होती.

परीक्षेतील समसंबंध यंत्राकडे

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘समसंबंध’ हा घटक असतो. गायीचे वासरू, तर घोड्याचे काय? उत्तर : शिंगरू. आकृत्यांचे समसंबंधही असतात. ‘लातूर पॅटर्न’च्या प्रदेशातील पालकांना अशा प्रश्नांच्या सरावपुस्तिका नव्याने दाखवाव्या लागत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेतील साम्यानुमानाचा आरंभही नेमक्या याच प्रकारच्या प्रश्नांपासून झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे थॉमस इव्हान्स यांनी लिहिलेली ‘अ‍ॅनालॉजी’ नावाची आज्ञावली १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. बुद्धिमापन चाचण्यांतील आकृत्यांचे समसंबंध ती सोडवीत असे. पहिल्या आकृतीतून दुसरी कशी तयार झाली याचा नियम ती शोधी आणि तो तिसऱ्या आकृतीला लावून योग्य पर्याय निवडी.

समसंबंधाचा शुद्ध तार्किक अर्थ काय, याचे नेटके उत्तर फ्रान्समधील तुलूझ येथील आँरी प्राद आणि जिल रिशार यांनी मांडले. त्यांच्या मते ‘अ’ला ‘ब’ जसा, ‘क’ला ‘ड’ तसा, असे म्हणणे म्हणजे ‘अ’ व ‘ब’ यांत जो फरक आहे तोच फरक, त्याच दिशेने, ‘क’ व ‘ड’ यांत आहे असे म्हणणे. प्रत्येक वस्तू ‘होय/नाही’ अशा गुणांच्या यादीने दाखवली, तर एका गुणासाठी चार वस्तूंच्या उत्तरांच्या एकूण १६ मांडण्या होतात. त्यांपैकी फक्त ६ मांडण्या समसंबंधात बसतात : चारही उत्तरे सारखी असणे (२ मांडण्या), पहिली दोन एक व शेवटची दोन दुसरी असणे (२), किंवा पहिले-तिसरे एक व दुसरे-चौथे दुसरे असणे (२).

वरील उदाहरण तपासून पाहता येईल. गाय, वासरू, घोडा, शिंगरू या क्रमाने ‘सस्तन आहे का?’ याची उत्तरे होय, होय, होय, होय. ‘गोवंशातील आहे का?’ याची होय, होय, नाही, नाही. ‘प्रौढ आहे का?’ याची होय, नाही, होय, नाही. तिन्ही मांडण्या मान्य सहांपैकीच आहेत. याउलट होय, नाही, नाही अशी तीन उत्तरे असतील, तर चौथ्या जागी काहीही भरले तरी समसंबंध जुळत नाही. यंत्राने तेथे ‘उत्तर नाही’ असेच म्हटले पाहिजे.

पद्धत कोठे फसते?

तीन प्रसंगांवरून चौथ्याचा निष्कर्ष काढण्याची ही पद्धत कधीच न चुकण्याची हमी केव्हा देता येते? मिगेल कुसेइरो, निकोला उग, प्राद आणि रिशार यांनी २०१७ मध्ये याचे गणिती उत्तर सिद्ध केले. निष्कर्षाचे ‘होय’ किंवा ‘नाही’ हे ठरावीक गुणांपैकी किती गुण उपस्थित आहेत, त्यांची संख्या सम आहे की विषम, एवढ्यावरच अवलंबून असेल, तरच ही हमी मिळते. व्यवहारात असे क्वचितच घडते. दोन कारणे एकत्र आली तरच परिणाम घडतो, अशी स्थिती मात्र पावलोपावली आढळते आणि तेथे ही पद्धत फसते.

किल्लारीच्या घरांवरून हे स्पष्ट होते. या भागातील जुनी घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली होती. एका बाजूला हलके घर, दुसऱ्या बाजूला माळवदाचे जड घर. एकीकडे स्थिर जमीन, दुसरीकडे तीव्र हादरा, अशा चार शक्यता धरू. हलके घर स्थिर जमिनीवर पडत नाही. जड घर स्थिर जमिनीवर पडत नाही. पिढ्यान् पिढ्या ते उभे असते. हलके घर हादऱ्यातही सहसा टिकते. या तीन अनुभवांवरून समसंबंध लावला तर चौथे उत्तर येते : जड घर हादऱ्यातही पडणार नाही. प्रत्यक्षात काय झाले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दिसले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे त्याच भिंतींखाली व माळवदांखाली गाडली गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पूर्वानुभव खोटा नव्हता. त्यात दोन कारणे एकत्र आल्याचा प्रसंग नव्हता.

निर्धारणाचा नियम

साम्यानुमानाला निगमनाइतका भक्कम आधार देता येईल काय, या प्रश्नावर टॉड डेव्हिस आणि स्टुअर्ट रसेल यांनी १९८७ मध्ये मांडलेला विचार मूलभूत मानला जातो. त्यांनी प्रथम एक पेच दाखवला. साम्यानुमानाला आधार म्हणून एखादा सामान्य नियम द्यावा, तर त्या नियमातूनच निष्कर्ष निघतो आणि मूळ उदाहरण अनावश्यक ठरते. नियम देऊ नये, तर निष्कर्ष निराधार राहतो. मग उदाहरण आवश्यकही राहील आणि निष्कर्ष वैधही ठरेल, असा मधला मार्ग कोणता?

त्यांचे उत्तर म्हणजे ‘निर्धारण’. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला निश्चित करते, एवढेच ज्ञान येथे पुरते. कोणत्या मूल्यावरून कोणते मूल्य मिळते, हे ठाऊक असण्याची गरज नसते. समजा, मराठवाड्याची काहीच माहिती नसलेल्या यंत्राला फक्त एवढे सांगितले की, गावाचा तालुका कळला की त्याचा जिल्हा निश्चित होतो. एवढ्यावरून औसा तालुका कोणत्या जिल्ह्यात आहे हे त्याला कळणार नाही. आता त्याला एकच उदाहरण दिले : किल्लारी हे औसा तालुक्यातील गाव लातूर जिल्ह्यात आहे. त्यानंतर लामजना हे गाव औसा तालुक्यात आहे असे समजताच ते लातूर जिल्ह्यात आहे, असा निष्कर्ष यंत्र काढील. हा निष्कर्ष संभाव्य नसून आधारविधानांतून अटळपणे निघणारा आहे. शिवाय उदाहरण वगळले तर तो निघत नाही. एका उदाहरणावरून खात्रीचे ज्ञान मिळाले.

संगणकातील माहितीसाठ्यांच्या शास्त्रात याच संबंधाला फलनीय अवलंबित्व म्हणतात. मात्र नियमाची निवड चुकली तर सारी इमारत ढासळते. ‘गावाच्या तालुक्यावरून शेतकऱ्याचे पीक निश्चित होते’ असे कोणी धरले, तर एका शेतातील सोयाबीन पाहून साऱ्या तालुक्यात सोयाबीनच आहे असे म्हणावे लागेल. येथे निर्धारण पूर्ण नसून अंशतः असते आणि निष्कर्षही त्या प्रमाणातच संभाव्य राहतो. थोडक्यात, दोन गोष्टींत किती गुण समान आहेत याची मोजदाद दुय्यम आहे. समान असलेला गुण प्रश्नातील गुणाला निर्धारित करतो का, हा खरा प्रश्न. न्यायदर्शनातील व्याप्तीचा आग्रह येथे वेगळ्या वेशात परतलेला दिसतो.

गुण नव्हे, संबंध जुळवा

दुसरा प्रवाह मानसशास्त्रातून आला. डेड्रे जेन्टनर यांनी १९८३ मध्ये ‘रचना-जुळणी’चा सिद्धान्त मांडला. सूर्यमाला आणि अणू यांच्यातील साम्य रंगाचे, आकाराचे वा तापमानाचे नाही. जड केंद्र हलक्या घटकाला आकर्षून घेते आणि त्यामुळे तो घटक केंद्राभोवती फिरतो, हा संबंध दोन्हीकडे कल्पिला जातो. चांगल्या साम्यानुमानात वस्तूंचे गुण मागे पडतात व संबंध पुढे येतात. सुट्या संबंधांपेक्षा कार्यकारणाने एकमेकांत गुंफलेल्या संबंधांच्या साखळीला अधिक महत्त्व मिळते. हे तत्त्व राबवणारी आज्ञावली ब्रायन फॉल्कनहायनर, केनेथ फोर्बस आणि जेन्टनर यांनी तयार केली व १९८९ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ज्ञान तार्किक विधानांच्या स्वरूपात दिले की ही आज्ञावली दोन्ही क्षेत्रांतील विधानांची सुसंगत जुळणी शोधते आणि लक्ष्यक्षेत्रात अनुपस्थित असलेली विधाने अनुमान म्हणून सुचवते. या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो : विधाने माणूसच लिहून देतो, म्हणजे काय महत्त्वाचे आहे हे त्याने आधीच ठरवलेले असते. अर्धे काम तेथेच संपते.

कोयना आणि किल्लारी

या साऱ्या कसोट्या एका खऱ्या वादाला लावून पाहता येतात. महाराष्ट्राला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ठाऊक होता. १९६२ मध्ये शिवसागर जलाशय भरण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर त्या परिसरात धक्के वाढले. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे कोयना हे जगातील सर्वाधिक अभ्यासलेल्या उदाहरणांपैकी एक आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर साहजिकच जवळच्या माकणी येथील निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवले गेले. तेथेही जलाशय, येथेही जलाशय. तेथेही बेसाल्टचा खडक, येथेही तोच. तेथेही भूकंप, येथेही भूकंप.

विज्ञानाच्या तत्त्वज्ञ मेरी हेस यांनी १९६० च्या दशकात साम्याचे तीन भाग पाडले होते : जुळणारे गुण म्हणजे धन साम्य, न जुळणारे म्हणजे ऋण साम्य आणि अद्याप न तपासलेले म्हणजे तटस्थ साम्य. वर सांगितलेले सारे धन साम्य झाले. ऋण साम्यही मोठे होते. कोयनेच्या १०३ मीटर उंच धरणामागील विशाल जलाशयाच्या तुलनेत तेरणेचा साठा फारच लहान होता. कोयना परिसरातील भूकंप जलाशयाच्या पाणीपातळीशी संबंध राखत पुढे दशकानुदशके चालू राहिले. किल्लारीत मुख्य धक्क्यानंतरची मालिका ओसरत गेली. भूगर्भात झिरपलेल्या पाण्याचा हातभार लागला असावा, असे काही संशोधकांनी मांडले. अनेकांनी ते नाकारले. वाद मिटवू शकणारी गोष्ट म्हणजे जलाशयाचा दाब किंवा पाणी भूकंपाच्या खोलीपर्यंत पोहोचून भ्रंशाला हलवण्याइतके प्रभावी होते का, हा कार्यकारणाचा दुवा. दोन्हीकडील समान गोष्टींची यादी कितीही लांबवली तरी त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

अभ्यासकांनी किल्लारीची तुलना आणखी एका दूरच्या ठिकाणाशी केली. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथे २२ जानेवारी १९८८ रोजी एकाच दिवसात तीन मोठे भूकंप झाले होते. मराठवाड्याशी त्या प्रदेशाचे हवामान, खडक, वस्ती यांपैकी वरवरचे फारसे काही जुळत नाही. परंतु दोन्ही ठिकाणे स्थिर मानलेल्या खंडाच्या अंतर्भागात आहेत, दोन्हीकडे भूकंप उथळ होते आणि दोन्हीकडे जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत भेग आली. गुणांचे साम्य कमी, संबंधांचे अधिक. स्थिर भूभागातही संचित ताणामुळे मोठा भूकंप होऊ शकतो, हा धडा अशा तुलनांतून पक्का झाला. १९९३ पूर्वी भूकंपप्रवणतेच्या सर्वांत खालच्या श्रेणीत असलेला किल्लारीचा परिसर २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात तिसऱ्या श्रेणीत घेण्यात आला आणि पहिली श्रेणीच रद्द झाली.

आजची यंत्रे

गेल्या दशकात चित्र पालटले. आधुनिक भाषिक प्रतिमानांना तर्काचे नियम लिहून दिलेले नसतात. प्रचंड मजकुरातून ती स्वतःच साम्ये टिपतात. २०१३ मध्ये शब्दांना संख्यांच्या मालिकांनी दाखवणाऱ्या पद्धतीने ‘पुरुषाला राजा, तर स्त्रीला राणी’ असे समसंबंध बेरीज-वजाबाकीने सोडवून दाखवले. टेलर वेब, कीथ होलिओक आणि हाँगजिंग लू यांनी २०२३ मध्ये असे दाखवले की, मोठी भाषिक प्रतिमाने काही समसंबंध माणसांच्या तोडीने सोडवतात. त्यानंतर मार्था लुइस आणि मेलनी मिचेल यांनी अक्षरमालेचा क्रमच बदलून तेच प्रश्न विचारले. माणसांची कामगिरी फारशी ढळली नाही. यंत्रांची मात्र घसरली. परिचित साचा ओळखणे आणि संबंध समजून तो अपरिचित जागी लावणे, यांतील अंतर त्यातून उघड झाले.

म्हणूनच आकारिक पद्धतींचे महत्त्व कमी झालेले नाही. भाषिक प्रतिमान साम्य सुचवते, पण ते कोणत्या नियमावर उभे आहे हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर नसते. तार्किक पद्धतीत ही सक्ती असते. शिकण्याची ताकद आणि तर्काची शिस्त यांची सांगड घालण्याचे प्रयत्न सध्या अनेक ठिकाणी चालू आहेत.

पडताळणीचे चार प्रश्न

या साऱ्या विवेचनातून कोणत्याही साम्यानुमानाला, मग ते यंत्राचे असो वा माणसाचे, विचारता येतील असे चार प्रश्न निघतात. समान असलेला गुण निष्कर्षातील गुणाला खरोखर निर्धारित करतो का? जुळणी सुट्या गुणांची आहे की कार्यकारणाच्या संबंधांची? न जुळणाऱ्या गोष्टी तितक्याच काळजीने मोजल्या आहेत का? आणि आजवर कधीच एकत्र न आलेली दोन कारणे या प्रसंगी एकत्र आली आहेत का?

मार्च २०२४ मधील प्रश्नालाही हे लागू पडते. १९९२ चे धक्के आणि नंतरचा किल्लारीचा भूकंप या एका जोडीवरून हिंगोली-नांदेडच्या धक्क्यांमागून मोठा भूकंप येईलच, असे सिद्ध होत नाही. लहान धक्क्यांच्या मालिका अनेकदा काहीही न घडता शमतात. नांदेड शहरानेही पूर्वी सौम्य धक्क्यांचा काळ अनुभवला आहे. पण येथे कधी झाला नाही म्हणून होणारच नाही, हे अनुमानही तितकेच दुबळे आहे. १९९३ पर्यंत किल्लारीबाबत तेच गृहीत धरले गेले होते. धक्का केव्हा येईल हे साम्यावरून सांगता येत नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड छप्पर तीव्र हादऱ्यात कोसळते, या निष्कर्षामागे मात्र कार्यकारणाचा नियम आहे. तो किल्लारीइतकाच नांदेडच्या आणि हिंगोलीच्या घरांनाही लागू आहे.